गाइड आणि विद्यार्थी मिळून संशोधन कसं करायचं: पहिल्या भेटीपासून थिसिस जमा होईपर्यंत

पीएचडीचं पत्र हातात पडलं की गावातल्या सगळ्या पोरांच्या स्टेटसला फोटो लागतात, आई देवापुढं साखर ठेवते, आणि सहा महिन्यांनी तोच पोरगा विभागाच्या व्हरांड्यात सरांच्या केबिनसमोर उभा असतो. आत नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइली चालू असतात, हा चार वाजेपर्यंत थांबतो आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून न भेटताच गेवराईला परत जातो. आत जाऊन "सर, दहा मिनिटं पाहिजे होती" एवढं म्हणायची हिंमत होत नाही. मी असा कितीतरी वेळा उभा राहिलोय. आता माझ्याकडं तीन विद्यार्थी आहेत आणि दोन्ही बाजूंनी बघून माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडं पीएचडी अडकते ती जास्त करून न बोलल्यामुळं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी विद्यापीठाच्या गेटच्या आत आलेलं असतं, गाइड म्हणजे देव असं डोक्यात बसलेलं असतं, आणि जे माहीत आहे तेसुद्धा सरांसमोर तोंडातून निघत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. विद्यार्थ्यांसाठी तर आहेच, पण माझ्यासारख्या नव्या गाइड मंडळींनीही वाचावं.

गाइड ठरवताना

पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, नेट झाली, मुलाखत झाली, आता जे गाइड मिळतील ते घ्यायचे, असं करू नका, जिथं निवडायला वाव आहे तिथं निवडा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार प्रोफेसरकडं ८, असोसिएट प्रोफेसरकडं ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडं ४ विद्यार्थी असू शकतात, आणि रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिले असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळं जागा आहे का हे आधी विभागात विचारा, नाहीतर "बघू, बघू" मध्ये वर्ष जातं.

मग शोधगंगावर जा. तिथं त्या सरांच्या किंवा मॅडमच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे थिसिस फुकट वाचायला मिळतात, दोन थिसिस काढा आणि निदान पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचा. गाइड काम कसं करून घेतात ते तिथं लगेच कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याला टपरीवर चहा पाजा आणि एकच गोष्ट विचारा, सर ड्राफ्ट वाचतात का आणि किती दिवसांत परत देतात. स्वभाव रागीट आहे का, मोठं नाव आहे का, ह्या सगळ्या नंतरच्या गोष्टी आहेत. रागीट पण वाचणारा गाइड परवडतो, गोड बोलून वर्षभर फाइल न उघडणारा परवडत नाही.

पहिल्या महिन्यात ठरवायच्या गोष्टी

पहिल्या दोन-तीन भेटींत विषयाशिवाय आणखी काही बोलून घ्यायचं असतं. भेटायचं कधी, दर पंधरा दिवसांनी की महिन्यातून एकदा, कोणत्या वारी. मेसेज केलेला चालतो की मेलच करायचा. मी आठवड्यातून दोन दिवस सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवायला जातो, किंवा शेतीच्या कामाला जूनमध्ये घरी जावं लागतं, हे सांगून टाका. लाजायचं काही कारण नाही, लपवलं तर पुढं सर म्हणतात पोरगा गायबच असतो. फिल्डचा खर्च कोण करणार, गोळा केलेली माहिती कुठं ठेवायची, पेपरवर नावं कशी येणार, हेसुद्धा इथंच. गाइडनं हे स्वतःहून काढलं तर फार बरं, कारण विद्यार्थ्याला पैशाचा आणि नावाचा विषय काढणं फार जड जातं.

आणि आता सगळ्यात कामाची सवय सांगतो. प्रत्येक भेट झाली की त्याच दिवशी रात्री चार-पाच ओळींचा मेल गाइडला टाकायचा. असा:

"सर, नमस्कार. आजच्या चर्चेतून मी हे समजलो: १) दुसऱ्या प्रकरणात १९७२ च्या दुष्काळाचा भाग कमी करायचा. २) प्रश्नावलीतला ७ नंबरचा प्रश्न दोन भागांत तोडायचा. ३) दहा फॉर्म भरून पुढच्या शुक्रवारी दाखवायचे. ४) ग्रंथालयाच्या पत्रावर सही राहिली आहे, सोमवारी येतो. काही चुकलं असेल तर सांगावं."

बस्स, एवढंच. पाच मिनिटं लागतात. गाइडच्या डोक्यात परीक्षा, ॲडमिशन, इलेक्शन ड्युटी, शंभर गोष्टी असतात, त्यांना महिन्यापूर्वी आपण काय बोललो ते आठवत नसतं, ते परत पहिल्यापासून सुरू करतात आणि विद्यार्थ्याला वाटतं सर सारखं मत बदलतात. मेल असला की तो उघडून पुढं बोलता येतं. शिवाय दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढं प्रेझेंटेशन द्यावं लागतं, प्रगती अहवाल द्यावा लागतो, त्या वेळी हेच मेल एका खाली एक लावले की अहवाल निम्मा तयार असतो. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या सरकारी संस्थांची फेलोशिप असेल तर तिथंही कामाचा हिशोब मागतातच. सहीचं काम शेवटच्या दिवशी घेऊन जाऊ नका, निदान आठ दिवस आधी न्या, त्यात सुट्ट्या येतात.

फिल्डवर: तुम्हाला जे माहीत आहे ते बोला

माझा विषय ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा होता. माझे गाइड आकडेशास्त्रात पक्के, सॅम्पल कसं काढायचं, टेबल कसं वाचायचं हे त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस मी अजून बघितला नाही, पण ते नांदेडकडचे, बीडच्या डोंगरपट्ट्यात त्यांचं कधी राहणं झालेलं नव्हतं. त्यांनी वेळापत्रकात फिल्डवर्क लिहिलं जानेवारी-फेब्रुवारी, कारण तेव्हा परीक्षा नसतात आणि ऊनही नसतं. मी ते बघितलं आणि मान हलवली.

आता माझी सख्खी मावशी वीस वर्षं तोडणीला जात होती. दसरा झाला, दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर लागतात, टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. हे मला शाळेत असल्यापासून माहीत. तरी बोललो नाही, कारण सरांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल.

जानेवारीत गेलो. पहिल्या वस्तीवर ओळीनं अकरा घरं, नऊ घरांना कुलूप. एका ओट्यावर एक आज्जी बसलेल्या, मांडीवर एक नातू आणि दोन समोर मातीत खेळत होते. मी फॉर्म काढला तर त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, आता कोण भेटतंय तुला, समदे कारखान्याला गेलेत की. दसऱ्याच्या आधी यायचं व्हतंस." चार दिवस फिरलो, तीनशे फॉर्मांपैकी एकोणीस भरले.

परत येऊन सरांना सांगितलं. ते बराच वेळ फॉर्म चाळत बसले, मग म्हणाले, "हे तुला आधी माहीत होतं?" मी म्हणालो, होतं सर. "मग बोलला का नाहीस?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते रागावले नाहीत, त्यांनी कागद ओढला आणि आम्ही दोघांनी आराखडाच नव्यानं केला. त्याच हिवाळ्यात कारखान्याच्या परिसरात फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या रानात, आणि कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर जायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच कुटुंबांना दसऱ्याच्या आधी गावात गाठायचं. एकाच माणसानं फडावर दिलेलं उत्तर आणि स्वतःच्या ओट्यावर बसून दिलेलं उत्तर किती वेगळं असतं ते त्यातून बाहेर आलं, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, किती फिटली, मुकादमाकडं म्हणजे टोळी नेणाऱ्याकडं किती राहिली, सगळं. माझ्या थिसिसमधलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच आहे.

आता ह्याची दुसरी बाजू बघा. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, घरातले किती जण तोडणीला जातात. लोक सांगायचे "एक कोयता", मी लिहायचो १. आपल्या भागात वाढलेला असूनही मला त्यात काही खटकलं नाही. एक्सेलमध्ये सगळं भरून टेबल सरांकडं नेलं तर त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि बोट ठेवलं, "बायका कुठं गेल्या?" टेबलात तोडणीला जाणारी माणसं जवळजवळ कुटुंबांएवढीच होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीवर मिळते, हिशोब जोडीवर होतो, आणि मी एका फटक्यात निम्म्या कामगारांना, म्हणजे सगळ्या बायकांना, कागदावरून पुसून टाकलं होतं. माझी मावशी त्यात होती. सगळे फॉर्म परत काढले, आणि तो प्रश्न नंतर "कोण कोण जातं, एकेकाचं सांगा" असा केला.

मला वेळ माहीत होती, सरांना टेबल वाचता येत होतं. दोघांपैकी एक जरी गप्प राहिला असता तरी थिसिस चुकीचा झाला असता. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, गाइडचं चुकतंय असं वाटलं तर "सर, आमच्याकडं हे असं असतं, एकदा बघावं का" एवढं तरी म्हणा. आणि गाइडनं दर भेटीत मुद्दाम विचारावं की ह्यात तुला काय खटकतंय. मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारतो, पहिले दोन-तीन वेळा "काही नाही सर" येतं, चौथ्या वेळी बोलायला लागतात.

फिल्डच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आधी दहा-पंधरा फॉर्म भरून बघा, मगच छापायला टाका. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा आणि वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊ नका. माणूस नको म्हणाला तर पाणी पिऊन उठा. फॉर्मवर नावाऐवजी नंबर टाका, नाव-नंबरची यादी वेगळी ठेवा, कारण उचलीचे आकडे मुकादमाच्या हाती लागले तर त्रास त्या कुटुंबाला होतो. डोंगरात रेंज नसते, कोबो टूलबॉक्ससारखं ॲप ऑफलाइन चालतं आणि फुकट आहे. आणि संध्याकाळी मुक्कामाला आल्यावर दिवसभराचं त्याच रात्री लिहून काढा, सकाळी निम्मं विसरलेलं असतं.

प्रयोगशाळेतल्यांचं वेगळं असतं. तिथं लॅबची वही तारखेसकट, पेनानं, चुकलेला प्रयोगसुद्धा लिहायचा, सॅम्पलच्या बाटलीवर "नवीन २" असं न लिहिता तारीख आणि वहीचं पान टाकायचं, आणि मशीनची वेळ गाइडनं विभागाच्या पातळीवर बोलून घ्यायची, विद्यार्थ्याला दारोदार फिरायला लावायचं नाही. परभणीला कृषी विद्यापीठातली मुलं तर जाणतातच, पेरणीच्या आत आराखडा मंजूर झाला नाही तर खरिपाचा हंगाम गेला म्हणजे वर्षच गेलं. तिथल्या गाइडनं एप्रिलमध्ये फाइल अडकवून ठेवणं हा अन्याय आहे.

नाव कुणाचं, कितव्या नंबरवर

हा विषय सगळे टाळतात आणि सगळी कटुता इथूनच येते. शिकत असताना एका परिषदेत मी गोळा केलेल्या आकड्यांवरचा पेपर मी श्रोत्यांत बसून ऐकला, माझं नाव कुठंच नव्हतं. भांडलो नाही, पण त्यानंतर वर्षभर मी कुणालाच एक टेबल दाखवलं नाही. विश्वास गेला की मिळून संशोधन होत नाही.

म्हणून माहिती गोळा करायच्या आधी ठरवा. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचे चार निकष सगळ्या विषयांना लागू पडण्यासारखे आहेत: कामात खरा वाटा पाहिजे, लिहिण्यात किंवा गंभीरपणे दुरुस्त करण्यात हात पाहिजे, शेवटचा मसुदा वाचून मंजूर केलेला पाहिजे, आणि उद्या कुणी प्रश्न विचारला तर जबाबदारी घ्यायची तयारी पाहिजे. चारही पाहिजेत. विभागप्रमुख आहेत म्हणून, पैसे आणून दिले म्हणून नाव येत नाही, त्यांचे आभार मानता येतात. विद्यार्थ्यानं आराखडा, फिल्ड आणि पहिला मसुदा केला असेल तर पहिलं नाव विद्यार्थ्याचं. उलटही खरं आहे, गाइडनं महिनोन्‌महिने शिकवून, टेबल दुरुस्त करून घेतलेला पेपर त्यांना न विचारता, त्यांचं नाव न टाकता पाठवून देणं हीसुद्धा फसवणूक आहे, आणि असं करणारे विद्यार्थी मी बघितलेत.

पेपर कुठं पाठवायचा? २०२२ च्या नियमांनी थिसिस जमा करण्यासाठी पेपर छापण्याची सक्ती काढली, तरी आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते बघून घ्या. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं "केअर लिस्टेड" म्हणून येणाऱ्या मेसेजला आता काही अर्थ नाही. "दोन दिवसांत प्रकाशित, सर्टिफिकेटसहित" असं कुणी म्हणत असेल तर तिथं कुणीही पेपर वाचत नाही, फक्त पैसे घेतात. जर्नलांच्या स्कोपस ह्या आंतरराष्ट्रीय सूचीमध्ये आहे म्हणत असतील तर स्कोपसच्याच साइटवर जाऊन बघा. संपादक मंडळातल्या एक-दोघांना मेल करून विचारा, बऱ्याच वेळा त्यांना आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नसतं. आणि जर्नल गाइडसोबत बसून निवडा, एकट्यानं पैसे भरून मोकळे होऊ नका.

लिहिणं

प्रकरण पूर्ण झाल्यावर दाखवतो असं म्हणत वर्ष काढू नका, सहा-सात पानं झाली की द्या. देताना सांगा की मला ह्यात नेमकं काय बघून पाहिजे, म्हणजे गाइड शुद्धलेखन दुरुस्त करत बसणार नाहीत. फाइलच्या नावात तारीख टाका, "फायनल", "फायनल नवीन", "एकदम फायनल" ह्यात दोन वेळा चुकीची प्रत आमच्याकडं छापून आली आहे. गाइडनं पंधरा दिवसांत वाचावं, जमणार नसेल तर तसं कळवावं.

मराठीत थिसिस लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. टायपिंगवाल्याकडं कृतीदेव ह्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात, शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही, आणि मग शेवटच्या महिन्यात तीनशे पानं कन्व्हर्ट करत जोडाक्षरं जुळवत बसावं लागतं. संदर्भांसाठी झोटेरो वापरा, फुकट आहे. महागडी जर्नलं सरकारी संस्थांना जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून मिळतात, ग्रंथपालांना भेटून आपल्या संस्थेचं लॉगिन विचारा, बऱ्याच विद्यार्थ्यांना ते आहे हेच ठाऊक नसतं.

थिसिसमधला मजकूर दुसरीकडून उचललाय का हे बघणाऱ्या साम्य तपासणीत यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर जमा करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द होतं. शब्द इकडचे तिकडे करून टक्के उतरवून देणारी दुकानं विद्यापीठाच्या आसपास सापडतात, तिथं जाऊ नका, वाक्यांची माती करून देतात. वाचलेलं पुस्तक बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर टक्के वाढतच नाहीत.

बिनसलं तर

गाइड घरची कामं सांगत असतील, बँकेत पाठवत असतील, तर पहिल्याच वेळी "सर, आज लायब्ररीचं काम ठरलंय" असं नम्रपणे सांगा, दहाव्या वेळी सांगणं अवघड होतं. मुलींनी चर्चेची जागा विभागच ठेवा, घरी किंवा लॉजवर बोलावलं तर नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. गैरवागणूक झाली तर प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तारखा आणि मेसेज जपून ठेवा, आणि एकटीनं सहन करत बसू नका, एका तरी मैत्रिणीला, एका तरी मॅडमला सांगा. बाकी मतभेद असतील तर आधी गाइडशी, मग कमिटीतल्या दुसऱ्या सदस्याशी, मग विभागप्रमुखांशी, ह्याच क्रमानं बोला. तिथं ते रात्रीचे मेल कामाला येतात.

वेळेचा हिशोब कायम समोर ठेवा, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना दोन वर्षं जादा मिळतात. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीला आपलं संशोधन तिकडच्या विद्यापीठात नेता येतं, अर्थात त्याला अटी आहेत. "लग्न झालं, आता पीएचडी सोडली" असं सांगणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींना ही तरतूद कुणी सांगितलेलीच नसते, गाइडनं सांगावी.

थिसिस जमा झाला, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आले, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा झाली, प्रत शोधगंगावर गेली, की एक काम राहतं. ज्या गावांनी माहिती दिली तिथं परत जायचं. दोन पानी मराठी, मोठ्या अक्षरात, टेबल न टाकता, आम्हाला काय सापडलं एवढंच लिहून वीस-पंचवीस प्रती काढा आणि गाइडना सोबत घेऊन जा. आम्ही गेलो तेव्हा सरांनी मारुतीच्या पारावर बसून स्वतः वाचून दाखवलं आणि मागं उभ्या असलेल्या बायांनी दोन ठिकाणी आमचे आकडे दुरुस्त करून दिले. जाताना फक्त दसऱ्याच्या आधी जा.